चार्जर लावताच लॅपटॉप आपोआप सुरू होतो: मदरबोर्ड बदलण्याआधी हे तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लॅपटॉप सहा वर्षांचा आहे. रात्री व्यवस्थित शटडाउन करून, चार्जर काढून ठेवता. सकाळी चार्जर जोडला की दोन-तीन सेकंदांत पंखा फिरतो, कंपनीचा लोगो येतो आणि बटणाला हात न लावता विंडोज सुरू होतं. झाकण बंद असलं तरी तेच. बॅटरी आता जेमतेम अर्धा तास पुरते. विंडोज नव्याने टाकून पाहिलं, काही फरक नाही. ज्यांना दाखवला त्यांनी मदरबोर्ड गेल्याचं सांगितलं. आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता, लिहिलंय की सकाळी कधीकधी तारीख चुकीची दिसते, पण इंटरनेट जोडलं की आपोआप ठीक होते.

ते शेवटचं वाक्य तुम्हाला किरकोळ वाटलं असेल, मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तारीख चुकणं आणि लॅपटॉप आपोआप सुरू होणं या दोन वेगळ्या तक्रारी नसून एकाच कारणाची दोन लक्षणं असण्याची शक्यता बरीच आहे, आणि ते कारण म्हणजे बोर्डावरचा, घड्याळ चालू ठेवणारा एक छोटासा सेल. तरीही मी तुम्हाला थेट सेल बदला असं सांगणार नाही. आधी काही तपासण्या करा. त्यातल्या पहिल्या काहींना स्क्रूड्रायव्हरसुद्धा लागत नाही, आणि मदरबोर्ड बदलण्याइतका मोठा निर्णय त्या झाल्याशिवाय कुणीही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवात 'बंद' या शब्दापासून करू. आपण बंद म्हणतो तो लॅपटॉप तीन-चार वेगवेगळ्या अवस्थांत असू शकतो. स्लीपमध्ये रॅम जागी असते. हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून ठेवलेलं असतं. शटडाउनमध्ये दोन्ही नसतं. आणि २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून 'फास्ट स्टार्टअप' नावाचा मधला प्रकार आहे: तुम्ही शटडाउन म्हणता, पण विंडोज फक्त तुमचे प्रोग्रॅम बंद करतं आणि स्वतःचा गाभा हायबरनेटसारखा डिस्कवर लिहून ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठता येईल. त्यामुळे पहिली तपासणी ही: आज रात्री शिफ्ट की दाबून धरा आणि तशीच धरून मेनूतून शटडाउन निवडा. हे खरं, पूर्ण शटडाउन. सकाळी चार्जर लावा. आपोआप सुरू झाला नाही, तर दोष विंडोज, ड्रायव्हर आणि बायोस (विंडोजच्याही आधी सुरू होणारा, बोर्डावरचा मूळ प्रोग्रॅम) यांच्या आपसातल्या व्यवहारात आहे. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाका, आणि बहुधा काम तिथेच संपेल. तरीही सुरू झाला, तर विंडोजला या प्रकरणातून जवळजवळ मोकळं करता येतं. विंडोज पुन्हा टाकून फरक पडला नाही यावरून तुमच्या बाबतीत माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. मात्र नव्या विंडोजमध्येही फास्ट स्टार्टअप बहुतेक वेळा चालूच असतं, म्हणून ही एक रात्र खर्च कराच.

लॅपटॉप खरोखर कुठल्या अवस्थेतून उठला हे नोंदींमध्येही दिसतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधल्या सिस्टिममध्ये जा आणि २७ क्रमांकाची, कर्नल-बूट या स्रोताची नोंद शोधा. तिच्यात बूटचा प्रकार लिहिलेला असतो. शेवटचा अंक ० असेल तर अगदी शून्यातून सुरुवात झाली, १ असेल तर फास्ट स्टार्टअप, २ असेल तर हायबरनेटमधून परत. त्याच्या आसपास ४१ क्रमांकाची कर्नल-पॉवरची नोंद दिसली, तर आदल्या वेळी लॅपटॉप नीट बंद झालाच नव्हता, मध्येच वीज तुटली होती. आणि जर कुठलीही नवी बूट नोंद नसेल, उलट १ क्रमांकाची पॉवर-ट्रबलशूटरची नोंद असेल, तर लॅपटॉप फक्त झोपेतून उठला. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये 'मॉडर्न स्टँडबाय' नावाची हलकी झोप असते. त्यात चार्जर जोडताच स्क्रीन उजळणं हे बिघाडाचं लक्षण नाही. अनेकजण झाकण लावून ठेवतात, त्याला बंद करणं म्हणतात, आणि मग चार्जरने तो जागा झाला की घाबरतात. तुम्हाला लोगो दिसतो म्हणता, म्हणजे तुमचं प्रकरण ते नाही. पण लोगो हायबरनेटमधून उठतानाही दिसतो, म्हणून नोंद पाहणं चांगलं.

आता बायोस. लॅपटॉप सुरू करताना डेल, एसर, एसुसवर साधारण एफ-२, एचपीवर एफ-१०, थिंकपॅडवर एफ-१ दाबत राहिलात की बायोस उघडतं. तिथे पॉवर किंवा पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर चार्जरशी संबंधित एक पर्याय शोधायचा. डेलमध्ये त्याचं नाव 'वेक ऑन एसी', थिंकपॅडमध्ये 'पॉवर ऑन विथ एसी अटॅच', एचपीच्या ऑफिस-मॉडेलांत 'पॉवर ऑन व्हेन एसी डिटेक्टेड' असं असतं. मॉडेलनुसार शब्द थोडे बदलतात, पण 'एसी' हा शब्द असतोच. हा पर्याय उगाच दिलेला नाही. ज्या ठिकाणी बरेच लॅपटॉप एका कपाटात झाकण बंद करून ठेवलेले असतात, किंवा एखादा लॅपटॉप पडद्यामागे कायम चालू ठेवायचा असतो, तिथे वीज आली की सगळे आपोआप सुरू व्हावेत म्हणून तो असतो. आधी दुसऱ्या कुणी वापरलेला लॅपटॉप, विशेषतः एखाद्या कार्यालयातून निघालेला, हातात आला असेल तर हा पर्याय चालू सापडण्याची शक्यता चांगलीच असते.

त्याच पानावर आजूबाजूला आणखी काही मंडळी असतात, त्यांनाही पाहून घ्या: झाकण उघडताच सुरू होणं (लेनोव्होच्या काही मॉडेलांत 'फ्लिप टू बूट'), ठरावीक वेळी सुरू होणं, नेटवर्कवरून सुरू होणं, यूएसबी-सी डॉक (एकाच वायरीतून मॉनिटर, माऊस, चार्जिंग जोडणारी पेटी) जोडताच सुरू होणं. नेटवर्कचा पर्याय फसवा आहे. बहुतेक लॅपटॉप तो फक्त चार्जर जोडलेला असतानाच पाळतात. म्हणून लॅनची वायर लावलेली असेल आणि नेटवर्कवरचं दुसरं एखादं यंत्र उठण्याचा संदेश पाठवत असेल, तर आपल्याला वाटतं चार्जरने सुरू झाला. प्रत्यक्षात चार्जरने फक्त परवानगी दिली, हाक दुसऱ्यानेच मारली. त्यामुळे तपासताना लॅपटॉपला चार्जरशिवाय काहीही जोडलेलं नको. माऊसचा रिसीव्हर, पेन ड्राइव्ह, मॉनिटर, डॉक, सगळं काढा. डॉकमधून किंवा मॉनिटरच्या यूएसबी-सी वायरीतून चार्ज करत असाल, तर एकदा मूळ चार्जर थेट लावून पाहा. मूळ चार्जरने शांत राहतो आणि डॉकने उठतो, असं निघालं तर शोध डॉकपाशीच संपतो.

मॅकबुक वापरणाऱ्यांसाठी इथेच एक ओळ, कारण हा प्रश्न तेही विचारतात. २०१६ नंतरच्या बहुतेक मॅकबुकमध्ये झाकण उघडल्यावर किंवा चार्जर लावल्यावर सुरू होणं हे ॲपलनेच ठरवून दिलेलं वागणं आहे. ॲपलच्या स्वतःच्या चिपची मॅकबुक असेल आणि मॅकओएस सिकोया किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल, तर टर्मिनलमधून 'बूटप्रेफरन्स' हे मूल्य बदलून ते थांबवता येतं. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नसतं.

समजा बायोसमधले हे सगळे पर्याय बंदच सापडले. तर आता मुख्य मुद्द्याकडे येऊ, आणि इथे थोडं खोलात जाणं भाग आहे, कारण हे समजलं की 'मदरबोर्ड गेलाय' या निदानाला काय प्रश्न विचारायचे ते तुम्हाला कळेल.

लॅपटॉप बंद असताना बोर्डावर एक छोटी चिप जागी असते किंवा जागी होण्याच्या तयारीत असते. तिला एम्बेडेड कंट्रोलर म्हणतात, आम्ही नुसतं 'ईसी' म्हणतो. पॉवर बटण, झाकणाचा सेन्सर, चार्जर आल्याचा संकेत, बॅटरीची माहिती, हे सगळं तिच्याकडे येतं. चार्जर लागला की ती बोर्डावरचे स्टँडबाय व्होल्टेज उभे करते. म्हणजे लॅपटॉप सुरू होत नाही, पण बटण दाबलं तर सुरू होता येईल इतकी वीज चिपसेटपर्यंत, म्हणजे प्रोसेसरच्या जोडीला बोर्डाचं कामकाज सांभाळणाऱ्या चिपपर्यंत, पोचते. बंद लॅपटॉप बॅटरीवर असताना बॅटरी वाचावी म्हणून पुष्कळ बोर्ड हे स्टँडबाय व्होल्टेजही तोडून टाकतात. चिपसेटच्या दृष्टीने तेव्हा वीज पूर्ण गेलेली असते. सकाळी तुम्ही चार्जर लावता तेव्हा त्याला 'गेलेली वीज परत आली' असं दिसतं. आणि वीज परत आली की काय करायचं, सुरू व्हायचं की पडून राहायचं, हा निर्णय त्याला त्या क्षणी घ्यावा लागतो.

हा निर्णय कुठे लिहिलेला असतो? इंटेलच्या चिपसेटमध्ये त्यासाठी अक्षरशः एक बिट आहे, म्हणजे ० किंवा १ एवढंच लिहिता येईल अशी जागा. इंटेलच्या कागदपत्रांत तिचं नाव 'आफ्टर जी-३ एनेबल' अशा अर्थाचं आहे. जी-३ म्हणजे वीज पूर्ण तुटलेली अवस्था. या बिटमध्ये १ असेल तर वीज परत आल्यावर चिपसेट बंदच राहतो. ० असेल तर थेट सुरू होतो. बायोस प्रत्येक वेळी सुरू होताना तिथे १ लिहून ठेवतं, म्हणून साधारण लॅपटॉप चार्जर लावल्यावर गप्प राहतात. पण ही बिट राहते चिपसेटच्या त्या कोपऱ्यात, ज्याला वीज घड्याळाच्या सेलवरून मिळते. तो सेल मेला आणि मुख्य बॅटरीकडूनही आधार मिळेना, की तो कोपरा पुसला जातो. पुसल्यावर घड्याळ मूळ तारखेवर जातं, आणि बिटमध्ये ० येतो. ० चा अर्थ वर सांगितलाच: वीज आली की सुरू हो.

म्हणजे लॅपटॉपला 'बंद राहा' हे आठवणीत ठेवावं लागतं. विसरला की तो सुरू होतो. तारीख विसरतो त्याच वेळी हेही विसरतो. तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यावर मी का थांबलो ते आता लक्षात आलं असेल.

याची खात्री करायला एक सोपी रीत आहे, आणि ती मी इतर कुठल्याही तपासणीआधी करतो. लॅपटॉप शिफ्ट धरून शटडाउन करा, चार्जर काढा, दहा सेकंद थांबून पुन्हा लावा. काय झालं ते लिहून ठेवा. मग पुन्हा बंद करा, चार्जर काढा आणि या वेळी निदान आठ-दहा तास तसाच राहू द्या. नंतर चार्जर लावा. दहा सेकंदांनी लावल्यावर शांत राहतो, पण रात्रभराने लावल्यावर उठतो, असं दिसलं तर संशय विसरण्यावर, म्हणजे सेलवर. दोन्ही वेळा सारखाच उठत असेल तर संशय एखाद्या पर्यायावर, बटणावर किंवा बोर्डावर. रात्रभराच्या तपासणीत उठला की विंडोजपर्यंत जाऊ देऊ नका. लगेच बायोसमध्ये शिरून तिथली तारीख पाहा. विंडोज इंटरनेटवरून वेळ दुरुस्त करून पुरावा पुसून टाकतं. बायोसमध्ये काही वर्षांपूर्वीची तारीख दिसली तर आता शंकेला फारशी जागा नाही.

बायोसमधले बाकीचे पर्याय जसेच्या तसे आहेत, मग सेल मेला कसा म्हणता, असं कुणी विचारेल. नव्या लॅपटॉपमध्ये ते पर्याय फ्लॅश चिपमध्ये लिहिलेले असतात, त्यांना सेल लागत नाही. त्यांच्यावरून सेलची तब्येत कळत नाही. तारखेवरून कळते.

दुसरी एक गोष्ट: सगळं पुसलं गेल्यावर लॅपटॉप रॅमची पुन्हा ओळख करून घेतो. तेव्हा काही क्षण काळी स्क्रीन, एकदा-दोनदा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणं, हे होऊ शकतं. लोक तेवढ्यात घाबरून बटण दाबून धरतात. दोन-तीन मिनिटं थांबा.

आता सेलपर्यंत कसं पोचायचं. आधी एक इशारा. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल, तर बायोसचे बदल, बायोसचं अपडेट किंवा सेल काढणं यांनंतर ते ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती की आधी शोधून दुसऱ्या ठिकाणी लिहून ठेवा. बिटलॉकर आपण कधी चालू केलं नाही असं म्हणणाऱ्यांच्याही लॅपटॉपमध्ये ते चालू सापडतं, कारण मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केल्यावर अनेक मॉडेलांत ते आपोआप लागतं. सेल बदलून लॅपटॉप बरा झाला आणि डेटा मात्र कुलूपबंद, ही वेळ येऊ देऊ नका.

लॅपटॉप बंद, चार्जर बाहेर, खालचं झाकण उघडा, आणि सगळ्यात आधी मुख्य बॅटरीचा कनेक्टर काढा. तो काढल्याशिवाय बोर्डाला हात लावायचा नाही. बॅटरीकडे पाहा. ती फुगलेली दिसली, कुठे उशीसारखी वर आली असेल, किंवा झाकण उघडण्याआधीच टचपॅड वर ढकललेला, खालचं आवरण फाकलेलं दिसत असेल, तर काम तिथेच थांबवा. फुगलेली बॅटरी आतून कीबोर्डला आणि पॉवर बटणाला दाबू शकते, त्यामुळेही लॅपटॉप आपोआप सुरू होतो. पण ते दुय्यम. अशी बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोकदार वस्तूने उचकटायची नाही. अर्धा तास पुरणाऱ्या सहा वर्षांच्या बॅटरीच्या बाबतीत हे पाहणं मी कधीच टाळत नाही.

घड्याळाचा सेल बहुतेक लॅपटॉपमध्ये नाण्यासारखा गोल, सीआर२०३२ या नंबरचा असतो: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट. कधी खाचेत बसवलेला, पण लॅपटॉपमध्ये जास्त करून काळ्या किंवा पिवळ्या प्लास्टिकच्या आवरणात, दोन बारीक वायरी आणि छोटा कनेक्टर असलेला. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून मोजा. ३ किंवा त्याहून थोडं जास्त दाखवलं तर सेल ठीक. २.८ च्या खाली माझा विश्वास उडतो. २.५ च्या खाली तो मेलाच समजा. बदलताना वायरीसकट, तसाच कनेक्टर असलेला सेल घ्या. जुन्या वायरी नव्या सेलवर सोल्डर करायला जाऊ नका, सेल तापला तर फुटू शकतो. आणि जुन्या सेलवरचा नंबर नीट वाचा. काही लॅपटॉपमध्ये एमएल१२२० सारखा चार्ज होणारा सेल असतो. त्याच्या जागी चार्ज न होणारा सीआर बसवला तर बोर्ड त्याला चार्ज करत राहील आणि ते धोक्याचं आहे. आकार जुळला म्हणून सेल जुळला असं होत नाही.

वेगळा सेल सापडलाच नाही, तर तुमच्या मॉडेलमध्ये घड्याळ मुख्य बॅटरीवर चालतं. हल्ली पातळ लॅपटॉपमध्ये तसंच असतं. तिथे थकलेली मुख्य बॅटरीच विसरण्याचं कारण ठरते: बंद ठेवल्यावर रात्रीतून ती इतकी उतरते की घड्याळही थांबतं. मग उपाय नवी बॅटरी. तुमच्या बॅटरीची अवस्था पाहता ही शक्यता मी सेलच्या बरोबरीने धरतो.

बॅटरीचा कनेक्टर निघालेलाच आहे, चार्जरही बाहेर आहे, तर पॉवर बटण पंधरा ते तीस सेकंद दाबून धरा. बोर्डावर साठलेली वीज उतरते आणि ईसी नव्याने सुरुवात करतो. एकट्या या उपायानेही काही लॅपटॉप ताळ्यावर येतात, विशेषतः बायोस अपडेटनंतर सुरू झालेला त्रास असेल तर. फुकटचा उपाय आहे, करून घ्यावा.

समजा सेल ठणठणीत, तारीख अचूक, बायोसमधले पर्याय बंद, आणि तरीही दहा सेकंदांतही उठतो. आता पॉवर बटणाची पाळी. बटणाची एक बाजू ईसीकडे जाते आणि तिथे बहुतेक बोर्डांवर सुमारे ३.३ व्होल्ट असतात. बटण दाबलं की ती रेषा ग्राउंडला, म्हणजे बोर्डाच्या शून्य व्होल्टच्या बाजूला, जोडली जाते, व्होल्टेज शून्यावर येतं, ईसीला कळतं दाबलंय. बटण आतून गंजलं किंवा ओलाव्यामुळे थोडी जरी वीज निसटू लागली, तर ही रेषा ३.३ वर टिकत नाही. चार्जर लागताच ईसी जागा होऊन पहिल्यांदा पाहतो तेव्हा त्याला बटण दाबलेलंच दिसतं.

असा एक लॅपटॉप मला अजून स्वच्छ आठवतो. त्यावर कधीतरी गोड पेय सांडलं होतं, पुसलं, वाळवलं, आठवडाभर छान चालला, आणि मग चार्जर लावला की उठायला लागला. दुसऱ्या ठिकाणी बोर्ड बदलायचा सल्ला मिळाला होता. मी बटणाच्या छोट्या पट्टीची रिबन (चपटी वायर) बोर्डापासून सोडवली आणि चार्जर लावला. काहीच झालं नाही. अर्धा तास तसाच ठेवला, दहादा चार्जर काढला-लावला, एकदाही उठला नाही. म्हणजे बोर्ड निर्दोष. मग बटणाच्या दोन पायांमधला रोध मोजला. न दाबलेल्या बटणाचा रोध मीटरच्या मोजपट्टीपलीकडे जायला हवा. इथे काही हजार ओहम दाखवत होता, आणि बोटाने हलकं ढकललं की आकडा नाचायचा. भिंगाखाली बटणाच्या कडेला हिरवट, चिकट रेघ दिसली. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने साफ केल्यावर आकडा सुधारला, पण पूर्ण नाही, कारण द्रव बटणाच्या आतही शिरला होता. तांदळाच्या दाण्याएवढं ते बटण बदललं आणि लॅपटॉप बरा झाला.

म्हणून तुम्हाला मदरबोर्डचं निदान सांगणाऱ्यांना एकच प्रश्न विचारा: बटणाची रिबन काढून चार्जर लावून पाहिला का? उत्तर नाही असेल, तर निदान अजून झालेलंच नाही. काही मॉडेलांत पॉवर बटण कीबोर्डमध्येच असतं; तिथे कीबोर्डची रिबन काढून हीच तपासणी करायची. रिबन काढताना कनेक्टरची बारीक पट्टी आधी नखाने वर करा किंवा पुढे सरकवा, जशी असेल तशी. जोर लावून ओढली तर नवा बिघाड तयार होतो.

झाकणाचा सेन्सरही असाच वेगळा करता येतो. झाकणात चुंबक, खालच्या भागात ते चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर. झाकण उघडल्यावर सुरू व्हायचा पर्याय चालू असेल आणि सेन्सर किंवा चुंबक सरकला असेल, तर ईसीचा गैरसमज होतो. लॅपटॉप चालू असताना झाकण हळूहळू मिटा. स्क्रीन विझायला हवी त्या जागी विझत नसेल तर संशय घ्या. एकावर एक लॅपटॉप रचून ठेवत असाल तर खालच्याचं चुंबक वरच्याला फसवू शकतं, तेही ध्यानात ठेवा.

चार्जर आणि त्याचं सॉकेट यांचं काम थोडक्यात सांगतो: पिन सैल असेल तर चार्जर आल्या-गेल्याचा संकेत सतत बदलत राहतो. जोडलेला असताना वायर हलवून चार्जिंगचा दिवा लुकलुकतो का पाहा, आणि शक्य असेल तर त्याच वॅटचा दुसरा चार्जर लावून पाहा.

हे सगळं स्वच्छ निघालं, बटणाची रिबन काढूनही उठतोच आहे, तरच बोर्डाकडे बोट दाखवावं. तेव्हाही संपूर्ण बोर्ड बदलणं हा पहिला पर्याय नव्हे. ईसीच्या आसपास गंज असू शकतो, बटणाच्या रेषेवरचा एखादा छोटा भाग गळका असू शकतो, बायोस चिप कुणी दुसऱ्या लॅपटॉपमधल्या फाइलने लिहिली असेल तर तिच्यातला इंटेल मॅनेजमेंट इंजिनचा (चिपसेटच्या आतल्या छोट्या नियंत्रकाच्या प्रोग्रॅमचा) भाग बिघडलेला असू शकतो. हा लॅपटॉप आधी कुठे उघडला गेलाय का, त्यावर काही सांडलंय का, बायोस चिपला कुणी हात लावलाय का, हे दुरुस्त करणाऱ्याला आपणहून सांगा. लोक सांडल्याचं लपवतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि लपवल्याने शोध लांबतो.

बायोसचं अपडेट करायचं असेल तर ते सगळ्यात शेवटी, कंपनीच्याच ठिकाणावरून आपल्या नेमक्या मॉडेलचं घेऊन, आणि चार्जर लावलेला असतानाच. तुमची बॅटरी ज्या अवस्थेत आहे त्या अवस्थेत मी ते आज करणार नाही. मध्येच वीज तुटली तर आज चालणारा लॅपटॉप उद्या चालणार नाही.

सेल किंवा बॅटरी मिळेपर्यंत एक सवय लावून घ्या. लॅपटॉप चालू असतानाच चार्जर लावा, आणि चार्जर लागलेला असताना शटडाउन करा. त्यामुळे स्टँडबायची वीज तुटत नाही, चिपसेटला वीज परत आल्यासारखं वाटत नाही, आणि लॅपटॉप बंद राहून निवांत चार्ज होतो. बंद झाल्यावर सकाळपर्यंत चार्जर काढू नका. प्रवासात पॉवर बँकेवर वगैरे लावून बॅगेत ठेवायचा मोह होईल, तो टाळा; बॅगेत तो उठला तर हवा मिळत नाही आणि चांगलाच तापतो.

दहा सेकंद आणि रात्रभर, या दोन तपासण्यांचे निकाल, बायोसमध्ये दिसलेली तारीख आणि लॅपटॉपचं नेमकं मॉडेल मला कळवा. सेल त्या मॉडेलमध्ये कुठे बसवलेला आहे आणि तो चार्ज होणारा आहे की नाही, ते मी बघून सांगतो. तोवर बोर्ड मागवू नका.